जळालेला बाजार प्रवासाला निघतो

जपानमध्ये नवीन वर्षाचा पहिला दिवस म्हणजे आपल्याकडची ईद समजा. शहरात नोकरीला असलेली मुले गावी येतात, घरात गोडधोड असते, थोरामोठ्यांच्या भेटीगाठी होतात. 1 जानेवारी 2024 रोजी नोतो द्वीपकल्पातली घरे अशीच भरलेली होती. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी 7.6 तीव्रतेचा भूकंप झाला. वाजिमा या छोट्या शहरात त्यापाठोपाठ आग लागली. नळाच्या वाहिन्या फुटलेल्या, रस्ते खचलेले, डोक्यावर त्सुनामीचा इशारा, आणि जमीनच वर उचलली गेल्याने नदीतले पाणीही ओसरलेले. विझवणार कशाने? सुमारे 240 इमारती आणि जवळजवळ पाच हेक्टर वस्ती जळून गेली. याच वस्तीतल्या एका रस्त्यावर वाजिमाचा सकाळचा बाजार भरत असे. जपानीत त्याला 'आसाइची' म्हणतात. 'आसा' म्हणजे सकाळ, 'इची' म्हणजे बाजार. हा बाजार हजार वर्षांपासून भरतो, असे तिथले लोक सांगतात.

तीन महिनेही झाले नव्हते. 23 मार्च 2024 रोजी इशिकावा प्रांताची राजधानी असलेल्या कानाझावा शहरात, कानाइवा या बंदर भागात नारिंगी मांडव उभे राहिले. मांडवाखाली वाजिमाच्याच बायका, पुढ्यात सुकी मासळी, लोणची आणि रोगणाची भांडी. बाजाराचे नाव ठेवले होते 'शुच्चो वाजिमा आसाइची'. 'शुच्चो' हा जपानी कचेऱ्यांमधला साधा शब्द आहे. कारकून कामासाठी परगावी जातो, तो शुच्चोवर असतो, म्हणजे आपल्या भाषेत दौऱ्यावर. बाजार जळाला, पण त्यांनी त्याला 'स्थलांतरित' म्हटले नाही की 'नवा बाजार' म्हटले नाही. बाजार दौऱ्यावर गेला आहे, असे म्हटले. दौऱ्यावर गेलेला माणूस परत यायचा असतो.

दोन दिवसांसाठी मांडव टाकून एखाद्या प्रदेशाची चव, कला आणि बोली दुसऱ्या गावात नेणे, याला हल्ली शहरांत 'पॉप-अप' म्हणतात आणि ती नव्या काळाची टूम समजली जाते. वाजिमाची गोष्ट आणि एकूण जपानचा इतिहास पाहिला तर चित्र वेगळे दिसते. तिथे ही रीत फार जुनी आहे, आणि तिच्या मुळाशी बऱ्याच वेळा एखादी आग किंवा एखादे संकट आहे.

देव दौऱ्यावर निघत तेव्हा

आजचे टोकियो म्हणजे पूर्वीचे एदो. 1657 मध्ये तिथे मोठी आग लागली. सुमारे एक लाख माणसे गेली असे मानतात. ज्यांची ओळख पटली नाही, ज्यांना कोणी वारस नव्हते, त्यांच्यासाठी र्योगोकू भागात एकोइन नावाचे बौद्ध मंदिर बांधण्यात आले. पुढे हेच एकोइन एका वेगळ्याच प्रथेचे केंद्र बनले. तिचे नाव 'देगाइचो'. दूरच्या प्रांतातले एखादे मंदिर जळले किंवा मोडकळीस आले, दुरुस्तीला पैसा नसला, की तिथली एरवी बंद दाराआड असणारी मूर्ती एदोला आणून काही आठवडे दर्शनासाठी ठेवत. लोक लोटत, दान देत, आणि जमलेला पैसा घेऊन मूर्ती आपल्या गावी परत जाई. नागानोच्या झेनकोजी मंदिराचे 1778 मधले एकोइनचे देगाइचो तर त्या काळी गाजले होते.

इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट मंदिराच्या आवाराबाहेर घडत होती. गर्दी म्हटली की खाऊची दुकाने आली, खेळणीवाले आले, तमाशे आणि कसरती आल्या. ज्या एदोकराने आयुष्यात शहराची वेस ओलांडली नाही, त्याला दूरच्या मुलखाची ओळख इथे होई. आपल्याकडच्या उरुसात ज्यांचे बालपण गेले, त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. दर्ग्यावर चादर चढवायला गेलेला माणूस येताना मिठाई, बांगड्या आणि परमुलखाच्या चार गोष्टी घेऊनच घरी येतो.

या प्रथेतला क्रम ध्यानात ठेवा: घरी संकट येते, घरातली सर्वांत मौल्यवान वस्तू थोड्या दिवसांसाठी बाहेर निघते, आणि ती घर पुन्हा उभे करण्याचे साधन घेऊन परतते. कानाइवाच्या नारिंगी मांडवांमध्ये हाच क्रम दिसतो.

प्रदर्शन, दुकान आणि डबा

मेइजी काळात सरकारने ही रीत आपल्या हाती घेतली. 1877 मध्ये टोकियोच्या उएनो बागेत पहिले राष्ट्रीय उद्योग प्रदर्शन भरले. गृहमंत्री ओकुबो तोशिमिची यांचा त्यामागे पुढाकार होता. प्रांताप्रांतांतून माल आला आणि साडेचार लाख लोकांनी तो पाहिला. कारागिरांनी एकमेकांचा माल शेजारी शेजारी पाहावा, तुलना करावी आणि सुधारणा करावी, हा हेतू होता. प्रदर्शन संपल्यावर उरलेल्या मालाचे काय करायचे, हा प्रश्न आला. त्यातून 1878 मध्ये 'कान्कोबा' नावाचे विक्रीगृह निघाले. तिथे माल उघड्यावर मांडलेला असे आणि किंमत ठरलेली असे. जपानच्या मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरांचे एक मूळ या उरल्यासुरल्या मालाच्या दुकानात आहे.

पुढे याच डिपार्टमेंट स्टोअरांनी प्रांतांचे मेळे आपल्या वरच्या मजल्यांवर भरवायला सुरुवात केली. त्यांना 'बुस्सान्तेन' म्हणतात. एक आठवडा होक्काइदो, पुढे कधी क्यूशू, मग ओकिनावा. टोकियोच्या शिंजुकु भागातल्या केइओ डिपार्टमेंट स्टोअरमध्ये 1966 पासून दर जानेवारीत 'एकीबेन'चा मेळा भरतो. एकीबेन म्हणजे रेल्वे स्टेशनावर मिळणारा जेवणाचा डबा. प्रत्येक स्टेशनाचा डबा वेगळा, त्या भागात जे पिकते आणि समुद्रात जे सापडते त्यावर ठरलेला. होक्काइदोतल्या मोरी या लहानशा स्टेशनाचा 'इकामेशी' या मेळ्यातला हुकमी डबा आहे. कोकणातले वाचक ज्याला माकूल म्हणतात आणि शहरात स्क्विड म्हणतात, त्याच्या पोटात भात भरून तो शिजवलेला असतो. 1941 मध्ये, युद्धामुळे तांदळाची टंचाई असताना, कमी तांदळात पोट भरावे म्हणून हा पदार्थ निघाला. आज मोरी स्टेशनावर जितके डबे खपतात, त्याहून कितीतरी जास्त दूरदूरच्या शहरांतल्या मेळ्यांमध्ये खपतात. एका छोट्या गावाची ओळख तिच्या प्रवासामुळे टिकली आहे.

हस्तकलेच्या बाबतीत असेच काम यानागी सोएत्सु यांनी केले. 1925 च्या सुमारास त्यांनी आणि त्यांच्या कुंभार मित्रांनी 'मिंगेई' हा शब्द घडवला. मिंगेई म्हणजे लोकांची कला. नाव नसलेल्या कारागिराने रोजच्या वापरासाठी बनवलेल्या ताटवाटीतही सौंदर्य असते, हे त्यांचे म्हणणे. आपल्या उर्दूत 'हुनर' हा शब्द आहे. त्यात कसबही येते आणि कलाही, दोन्हींत भेद केला जात नाही. मिंगेईचा आशय याच्या फार जवळचा आहे. यानागी खेड्यापाड्यांत हिंडले, वस्तू जमवल्या, शहरांत प्रदर्शने भरवली आणि 1936 मध्ये टोकियोत लोककला संग्रहालय उभे केले.

मग ओइता. 1979 मध्ये दक्षिणेकडच्या या प्रांताचे गव्हर्नर हिरामात्सु मोरिहिको यांनी 'एक गाव, एक उत्पादन' ही चळवळ सुरू केली. प्रेरणा वरून आली नव्हती. त्याच प्रांतातल्या ओयामा गावाने 1961 मध्येच भाताचा हट्ट सोडून आलुबुखार आणि चेस्टनट लावायचे ठरवले होते. 'झाडे लावू आणि हवाईला फिरायला जाऊ', अशी त्यांची घोषणा होती, आणि गावकरी खरोखरच हवाईला जाऊन आले. ओइताची कल्पना पुढे थायलंडने घेतली, आफ्रिकेत मलावीने घेतली. 2018 मध्ये उत्तर प्रदेश सरकारने 'एक जिल्हा, एक उत्पादन' योजना आणली तिची प्रेरणाही हीच, आणि नंतर ही कल्पना देशभर, आपल्या महाराष्ट्रातही आली. मुरादाबादची पितळेची भांडी, भदोहीचे गालिचे, लखनौची चिकनकारी या यादीत आहेत. ही कामे करणारे हात बहुतांशी कोणाचे आहेत, हे आपल्याला माहीत आहे. ओइतातल्या एका खेड्याचा विचार किती लांबचा प्रवास करून आपल्या बिरादरीच्या कारखान्यांपर्यंत आला, याची मात्र आपल्यात फारशी चर्चा होत नाही.

वाडगे आणि भिशी

आता पुन्हा वाजिमाकडे येऊ. कारण या शहराचे आणि फिरत्या विक्रीचे नाते भूकंपापासून सुरू होत नाही.

वाजिमाची ओळख म्हणजे तिथली रोगणाची भांडी, 'वाजिमा-नुरी'. आपल्याकडची लाख किड्यांपासून मिळते. जपानचे रोगण, म्हणजे 'उरुशी', हा एका झाडाचा चीक असतो. तो हवेतल्या ओलाव्यात वाळतो आणि लाकडावर कठीण कवच धरतो. वाजिमाच्या कारागिरांकडे एक गुपित होते. शहराजवळच्या टेकडीत विशिष्ट प्रकारची हलकी माती सापडते. ती भाजून, दळून, चिकात मिसळून तळच्या थरांना लावली की भांडे फार टणक होते. त्याआधी वाडग्याच्या कडेला, जिथे आधी टवका उडतो तिथे, कापडाची पट्टी चिकटवतात. लाकूड कातणारा वेगळा, तळथर देणारा वेगळा, वरचा थर देणारा वेगळा, सोन्याची नक्षी कोरणारा आणखी वेगळा. एक वाडगा शंभराहून अधिक टप्प्यांतून जातो.

इतके महाग भांडे शेतकऱ्याच्या घरात जाणार कसे? वाजिमा तर कडेला पडलेले बंदर. ओसाकापासून होक्काइदोपर्यंत किनाऱ्याने व्यापार करणारी 'कितामाएबुने' जहाजे तिथे लागत, म्हणून माल बाहेर जाऊ शके. पण गिऱ्हाईक शोधायला माणूसच हवा. हे काम 'नुशिया' करत. नुशिया म्हणजे कारागिरांकडून काम करवून घेणारा आणि स्वतः ते विकायला निघणारा व्यापारी. वर्षातले कित्येक महिने तो नमुने घेऊन गावोगाव फिरे, जुन्या गिऱ्हाइकांच्या घरी उतरे, नव्या मागण्या घेई. गेल्या वेळी दिलेल्या वाडग्याला चीर पडली असेल तर ते दुरुस्तीला बरोबर नेई. मोठ्या घरांत उठबस असल्याने चहाविधी, कविता, चित्रकला यांची जाण त्याला ठेवावी लागे. वस्तूबरोबर वाजिमाच्या गोष्टीही तो घरोघर पोचवत असे.

आणि पैशांची सोय? इथे वाचकांना ओळखीचे काहीतरी भेटेल. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला या व्यापाऱ्यांनी 'वान-को' नावाची पद्धत वापरली. 'वान' म्हणजे वाडगा, 'को' म्हणजे मंडळी. गावातले काही जण एकत्र येत, प्रत्येकजण ठरलेला हप्ता भरे, आणि जमलेल्या पैशांतून पाळीपाळीने एकेकाच्या घरी भांड्यांचा संच येई. काही काळाने सगळ्यांच्या घरी लग्नकार्याला पुरेल इतका संच असे. आपल्या मोहल्ल्यांतल्या बायका भिशी लावतात, तीच ही गोष्ट. श्रीमंतांची वस्तू साध्या माणसाच्या घरात गेली ती कर्जाने नव्हे, शेजाऱ्यावरच्या भरवशाने.

म्हणजे वाजिमाचा माल पूर्वीपासून दौऱ्यावर होता. सकाळचा बाजार मात्र जागेवर बसलेला होता. सुमारे 360 मीटरचा रस्ता, दोन्ही बाजूंना खाली मांडलेल्या टोपल्या, 'कोऊते कुदा' म्हणजे 'घ्या हो' अशी बोलीतली हाक. विकणाऱ्या बहुतेक बायका. त्यात मासेमारांच्या बायका होत्या, आसपासच्या शेतकरी घरांतल्या होत्या, समुद्रात बुडी मारून शिंपले आणि शेवाळ काढणाऱ्याही होत्या. नवरा पोसता येत नाही ती बाई कसली, अशा अर्थाची तिथली एक म्हण आहे. ती थट्टेने म्हणतात, पण घर कोणाच्या जिवावर चालते हे त्यात बरोबर सांगितले आहे.

त्यांच्या टोपलीत 'इशिरू' हमखास असे. सार्डिन मासळी किंवा माकुळाचे आतले भाग आणि मीठ एवढ्यावर महिनोन् महिने मुरवलेला हा काळसर रस असतो. सुकट-बोंबिलाच्या वासाला सरावलेल्या कोकणी मुसलमान घरात त्याचे आश्चर्य वाटणार नाही.

दौऱ्याची मर्यादा

इथवर वाचून कोणाला वाटेल, की मग प्रश्न सुटला. बाजार जळाला, बाजार फिरू लागला, लोकांनी गर्दी केली. पण खरी अडचण इथूनच सुरू होते.

2011 मध्ये ईशान्य जपानला भूकंप आणि त्सुनामीने झोडपले. मिनामीसानरिकु हे गाव जवळपास वाहून गेले. त्या गावाने एप्रिल संपायच्या आत, म्हणजे दोन महिन्यांच्या आतच, 'पुनर्उभारणीचा बाजार' भरवला. त्या वर्षीपासून जपानीत एक शब्द रूढ झाला, 'ओएन शोही'. संकटात सापडलेल्या भागाचा माल मुद्दाम विकत घेऊन आधार देणे, असा त्याचा अर्थ. शब्द चांगला आहे, भावनाही चांगली आहे. दान घेताना हात खाली असतो, माल विकताना मान वर राहते. पण कळवळ्याला मुदत असते. पहिल्या वर्षी माणूस भूकंपग्रस्तांचा म्हणून वाडगा घेतो. तिसऱ्या वर्षी त्याने तो चांगला वाडगा आहे म्हणून घ्यायला हवा, नाहीतर बाजार उठलाच.

वाजिमाची दुसरी अडचण अधिक खोल आहे. भूकंपाने बंदराचा तळ वर उचलला गेला आणि होड्या अडकून पडल्या. होडी समुद्रात जाणार नाही तर मासळी कुठून येणार? रोगणाच्या कारागिरांचे कारखाने, अवजारे, अर्धवट झालेली भांडी गेली. साखळीतला एक कारागीर गाव सोडून गेला तर वाडगा पुढच्या टप्प्यावर जात नाही. मुळात हा धंदा भूकंपाआधीच खालावलेला होता. 1990 च्या आसपासच्या भरभराटीनंतर प्लास्टिकच्या स्वस्त वाडग्यांनी आणि बदललेल्या राहणीने मागणी कितीतरी घटली होती. त्यात सप्टेंबर 2024 मध्ये अतिवृष्टी झाली आणि भूकंपग्रस्तांसाठी बांधलेल्या तात्पुरत्या घरांतही पाणी शिरले. एका वर्षात दोनदा संसार आवरायचा, म्हणजे काय असते ते सांगायला नको.

शिवाय दौऱ्याचा भार कोण उचलते? विकणाऱ्या बायका वयस्क आहेत. पहाटे उठून आपल्या रस्त्यावर टोपली मांडणे वेगळे आणि गाडीत माल लादून दुसऱ्या प्रांतात दोन दिवस उभे राहणे वेगळे. रोजचा बाजार शेजाऱ्याला मीठ-मासळी देतो, कोण आजारी आहे, कोणाची सून आली याची खबर देतो. दौऱ्यातले गिऱ्हाईक एकदा भेटते आणि जाते. म्हणून 2024 च्या उन्हाळ्यात वाजिमातल्याच एका दुकान-संकुलाच्या आत काही जणींनी पुन्हा नित्याने माल मांडायला सुरुवात केली, ती बातमी मला कोणत्याही मोठ्या मेळ्याहून महत्त्वाची वाटते. बाहेरचे दौरे चालू राहिले, पण घरी परतायला एक कोपरा तयार झाला.

एदोच्या देगाइचोचा खरा धडा हाच आहे. मूर्ती परत गेली नाही, मंदिर उभे राहिले नाही, तर तो निव्वळ तमाशा ठरला असता. उएनोच्या प्रदर्शनातून प्रांतातल्या कारागिराने काही शिकून घरी नेले, तेव्हा त्याला अर्थ आला. नुशिया परतीच्या वाटेवर मोडका वाडगा दुरुस्तीला घेऊन निघे, म्हणून पुढच्या वर्षी त्याच घरात त्याला जेवायला वाढत. फिरता बाजार टिकतो तो जाण्यायेण्याच्या दोन्ही फेऱ्या पुऱ्या केल्यावर.

आपल्याकडेही सभागृहांत आणि शादीखान्यांत हातमागाचे, हस्तकलेचे, खाद्यपदार्थांचे मेळे भरतात. औरंगाबादच्या हिमरूचे माग आता मोजकेच उरले आहेत, आणि त्यांना गिऱ्हाईक अशाच ठिकाणी भेटते. आपण तिथे जातो, फोटो काढतो, भावात घासाघीस करतो आणि एखादा रुमाल घेऊन येतो. त्याऐवजी तीन गोष्टी विचारायला काय हरकत आहे? हे कोणी आणि कुठे बनवले. फाटले किंवा मोडले तर दुरुस्त कोण करील. आणि पुढच्या वर्षी पुन्हा याल का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर विकणाऱ्याइतकेच आपल्यावरही अवलंबून असते. आणि महाग वस्तू एकट्याला परवडत नसेल, तर चार घरांनी मिळून भिशी लावायला वाजिमाच्या वाडग्यांनी दोनशे वर्षांपूर्वीच वाट दाखवून ठेवली आहे.